धुऱ्यावरचं गिरिपुष्प

झाड कुठं लावायचं, हा प्रश्न वरवर बागकामाचा वाटतो. पण त्याच्या आधी येतो तो ॲरिस्टॉटलचा जुना प्रश्न : कशासाठी? त्याचं उत्तर ठरलं की मग कुदळ उचलावी.

युरोपात कॉम्फ्रे नावाची वनस्पती खतासाठी लावतात. पानं कापायची, पिकाच्या बुडाशी पसरायची. ती पुन्हा फुटते. मुळाचा तुकडा मातीत राहिला तरी उगवते, म्हणून तिची जागा नीट विचार करूनच ठरवावी लागते. पण ती थंड, ओलसर हवेतली. आपल्या अकोल्यात पारा ४५ अंशांवर जातो. इथं तेच काम गिरिपुष्प करतं. हे झाड मूळचं मध्य अमेरिकेकडचं, शेंगवर्गीय. त्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतलं नत्र धरतात. वाळल्या पाल्यात ते साधारण ३ टक्के भरतं.

आता जागा. पाला वाहून न्यायचा आहे, म्हणून पऱ्हाटीपासून लांब नको. सावली पडते, मुळं ओल ओढतात, म्हणून वावराच्या मधोमधही नको. उरतो धुरा. तिथंही पाणी तुंबतं ती जागा सोडा; काळ्या मातीत पाणी लवकर मुरत नाही.

आणखी एक गोष्ट. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, सावली उत्तरेला पडते. उत्तरेच्या धुऱ्यावर झाडं लावली की आपला हरभरा उन्हात अन् शेजाऱ्याचा सावलीत! धुऱ्याची भांडणं कुठवर जातात, हे वऱ्हाडात वेगळं सांगायला नको. म्हणून लावण्याआधी शेजाऱ्याशी बोला, आणि झाड कमरेच्या वर जाऊ देऊ नका. तसंही पाला हवा असेल तर छाटावंच लागतं. पाला आपला आणि सावली त्याची, हा न्याय नव्हे.

लावायचं कसं? फांदी खोचली तरी जगते. पण बियांपासून केलेल्या रोपाचं मूळ जास्त खोल जातं. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचं पाणी खारं, उन्हाळ्यात ते देऊन भागत नाही. तिथं रोपच बरं. मृगाचा चांगला पाऊस झाला की दोन-दोन फुटांवर लावा. पहिलं वर्ष हात लावू नका. पुढं पावसाळ्यात छाटून कोवळा पाला पऱ्हाटीच्या दोन ओळींत पसरा. तो लवकर कुजतो.

बी आणि साल मात्र विषारी, बरं का. त्याच्या लॅटिन नावाचा अर्थच मुळी 'उंदीर मारणारं' असा आहे. तेव्हा लेकरं खेळतात त्या अंगणात नको, धुऱ्यावरच असू द्या.