बिनपगारी, फुल अधिकारी!

वाचकहो, दिवाळीच्या फराळाशी राजकारण काढू नये, असा संकेत आहे. पण नळाला पाणी का आले नाही आणि गल्लीतला दिवा कधी लागणार, हे प्रश्न नेमके चकलीच्या घासाबरोबरच निघतात. मग नगरसेवकांचे नाव निघायला कितीसा वेळ? या मंडळींना तिथे बसवतो कोण आणि त्यांच्या पदरात पडते काय, याचा हिशेब एकदा मांडून पाहू.

नाशिकची नगरपालिका 1864 सालची. आरंभी सभासद सरकारने नेमायचे, अशीच रीत होती. लॉर्ड रिपनच्या धोरणानंतर मुंबई इलाख्यात 1884 चा कायदा आला आणि निवडून आलेल्या सभासदांना पालिकेत जागा मिळाली. तरी मताचा हक्क होता तो मोजक्या करदात्यांना. मग खुर्चीवर कोण बसणार? ज्याची चूल त्या खुर्चीवाचून पेटते तो! वकील, सावकार, इनामदार, पेन्शनर. ज्याचे पोट रोजच्या मजुरीवर, त्याने दुपारच्या सभेला यायचे कसे? बिनपगारी सेवा दिसायला उदात्त खरी. पण गरिबाला बाहेर ठेवणारा तो एक उंबरठाच होता. ब्रिटनमध्येसुद्धा खासदारांना वर्षाला 400 पौंड सुरू झाले ते 1911 साली.

आपल्याकडे नगरसेवकाला पगार नसतो, मानधन असते. 2017 साली राज्य सरकारने ते वाढविले, तेव्हा मुंबईच्या नगरसेवकाचे 10 हजारांचे 25 हजार झाले. लहान शहरांना त्याहून कमी. एवढ्यात शहरातला संसार चालवून दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकणाऱ्याने जगायचे कसे? तो एक तर घरचा सधन हवा, नाही तर त्याची मिळकत दुसरीकडे हवी. ही ‘दुसरीकडे’ कुठे, हा प्रश्न मतदाराच्या मनात येतो, त्याला तो तरी काय करणार?

दुसरी गोष्ट नेमणुकीची. निवडून आलेल्यांखेरीज महापालिकेत ‘स्वीकृत’ सदस्य असतात. पूर्वी त्यांची मर्यादा 5 होती. पुढे ती एकूण संख्येच्या दहा टक्के किंवा 10, यांपैकी जे कमी असेल ते, अशी झाली. नाशिकचे नगरसेवक 122, म्हणजे स्वीकृत 10 पर्यंत. त्यांना सभेत बोलता येते, मत देता येत नाही. महापौरही होता येत नाही. हेतू मोठा चांगला. डॉक्टर, अभियंता, वकील, हिशेबतपासनीस, शिक्षणतज्ज्ञ अशा जाणत्या माणसांनी निवडणुकीची धूळ अंगावर न घेता शहराला सल्ला द्यावा. पण त्याच नियमांत सामाजिक संस्थेच्या पदाधिकाऱ्यालाही दार उघडे आहे. पक्षांच्या संख्याबळानुसार जागा वाटल्या जातात आणि पडलेला उमेदवार किंवा रुसलेला कार्यकर्ता पुष्कळदा याच दाराने आत येतो. जाणत्याची खुर्ची समजुतीची खुर्ची होते!

आणि कुणीच सभासद नसला तर? नाशिककरांनी तेही पाहिले आहे. 1982 साली महानगरपालिका झाली. पहिली निवडणूक मात्र 1992 साली. मधली दहा वर्षे प्रशासकाची. पुन्हा मार्च 2022 मध्ये मुदत संपली, ती निवडणूक झाली जानेवारी 2026 मध्ये. या काळात कारभार थांबला नाही. पण आपल्या प्रभागाचे गाऱ्हाणे सभागृहात मांडणारा माणूस नव्हता. सिंहस्थासाठी 2025 साली कायद्याने प्राधिकरण नेमले गेले, त्याचे अध्यक्ष विभागीय आयुक्त. कामाला वेग हवा, हे मान्य. पण नेमलेल्या माणसाला वरच्यांची भीती असते. मतदाराची भीती असते ती निवडलेल्याला.

तेव्हा मानधन वाढविण्याला नाक मुरडण्यापेक्षा ते सभेच्या हजेरीशी बांधा म्हणावे. स्वीकृतांची नावे जाहीर झाली, की त्यांतले डॉक्टर किती, अभियंते किती, हे घरातल्या कॉलेजकुमाराला मोजायला सांगावे. आणि प्रभागातले नगरसेवक दिवाळीच्या शुभेच्छा द्यायला दारात आले, की लाडू हातावर ठेवून हळूच विचारावे, “मागच्या सभेत आपण काय बोललात हो?”