अर्जातील नावाचा रकाना: दिल्लीत फॉर्म भरताना काय पाहाल?

दिल्ली, नोएडा, गुरुग्राममध्ये नोकरी करणारी मराठी कुटुंबे असोत की करोल बागेत गलाईचे काम करणारी, सरकारी अर्जात पहिली अडचण बहुधा पहिल्याच रकान्यात येते: नाव.

आपल्याकडे स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव मिळून पूर्ण नाव होते. उत्तरेत वडिलांचे नाव असे मधे लावण्याची रीत सहसा नाही. म्हणून तिथल्या अनेक अर्जांत ‘आवेदक का नाम’ हा एक रकाना आणि खाली ‘पिता/पति का नाम’ हा वेगळा रकाना असतो. समजा, आधारवर ‘सुनीता रमेश जाधव’ असे नाव आहे. पतीचे नाव खाली विचारलेच आहे, म्हणून वर नुसते ‘सुनीता जाधव’ लिहिले, तर पडताळणीत नाव जुळत नाही आणि लाभ अडकू शकतो. वर आधारप्रमाणे पूर्ण नाव लिहा. ‘रमेश’ दोनदा आले तरी चालेल.

सगळे फॉर्म एकसारखे नसतात. पॅनसाठी वर्षानुवर्षे वापरलेल्या ४९ए फॉर्ममध्ये आडनाव आधी येते. मतदार नोंदणीच्या नमुना ६ मध्ये नाव व मधले नाव एकत्र, आडनाव वेगळे. आधारच्या अर्जात मात्र सगळे एकाच ओळीत. नाव तेच, तुकडे वेगळे. त्यात भरण्याच्या सूचना पुष्कळदा शेवटी, बारीक अक्षरांत छापतात. रकाने भरून झाल्यावर त्या दिसून काय उपयोग? म्हणून पेन उचलण्याआधी शेवटचे पान वाचा आणि आधारकार्ड समोर ठेवा.

नाव जुळले नाही की ‘आधारच बदलून घ्या’ असा सल्ला मिळतो. घाई करू नका. आधारवरील नाव साधारणपणे दोनदाच बदलता येते. लग्नानंतर नाव बदलताना त्यातली एक संधी गेलेली असू शकते. आधी पाहा, चूक आधारमध्ये आहे की अर्ज भरण्यात. अर्जातली असेल, तर अर्जच दुरुस्त करून घ्या.

रेशनकार्डाच्या अर्जात शेवटचे हमीपत्र वाचल्याशिवाय सही करू नका. एका व्यक्तीचे नाव दोन रेशनकार्डांवर चालत नाही. गावच्या अंत्योदय किंवा प्राधान्य कुटुंबाच्या कार्डावर तुमचे नाव असेल, तर धान्यासाठी दिल्लीत नवा अर्ज करण्याची गरजच नाही. ‘एक देश, एक रेशनकार्ड’ सुविधा दिल्लीत जुलै २०२१ पासून आहे. उत्तर प्रदेश व हरियाणातही आहे. दुकानात कार्डाचा किंवा आधारचा क्रमांक सांगा आणि अंगठा लावा.

आधारवरील नावाबद्दल शंका असल्यास १९४७ वर फोन करा.