सत्ता, युती आणि उत्क्रांती

नेदरलँड्समधल्या आर्नहेम प्राणिसंग्रहालयात १९७०च्या दशकात फ्रान्स द वाल हा तरुण संशोधक चिंपांझींच्या वसाहतीकडे तासन्‌तास पाहत बसे. कोण कोणापुढे वाकतो, कोण कोणाच्या केसांतले किडे वेचतो, भांडणात कोण कोणाच्या बाजूने उतरतो, याची तो बारकाईने नोंद ठेवी.

त्या नोंदींतून सत्तासंघर्षच समोर आला. १९७६मध्ये लाउट या नराने येरून या जुन्या म्होरक्याला खाली खेचले. येरूनने मग तरुण निकीशी युती केली आणि निकी म्होरक्या झाला. एकटा निकी लाउटला भारी नव्हता. येरूनच्या पाठिंब्यावर त्याची गादी टिकून होती. त्याच्या मोबदल्यात येरूनला माद्यांशी समागमाची मोकळीक मिळाली. १९८०मध्ये ही युती फुटली आणि लाउट वरचढ ठरला. थोड्याच काळात एका रात्री येरून आणि निकी या दोघांनी मिळून लाउटवर हल्ला केला, त्यात तो मेला. द वालचे ‘चिंपांझी पॉलिटिक्स’ हे पुस्तक १९८२मध्ये आले.

उत्क्रांतीच्या दृष्टीने यातला हिशोब स्पष्ट आहे. वरच्या स्थानावरच्या नराला सहसा अधिक पिल्ले होतात. त्यामुळे मित्र जोडण्याची आणि योग्य वेळी बाजू बदलण्याची हुशारी पिढ्यान्‌पिढ्या निवडली गेली.

माणसाने याच युतीचा वेगळा उपयोग केला, असे मानववंशशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर बोम यांनी १९९९मध्ये मांडले. भटक्या शिकारी टोळ्यांत कोणी शिरजोर होऊ लागला की बाकीचे एक होतात: आधी थट्टा, मग बहिष्कार, अगदीच टोकाला हत्या. कलाहारीतले जु-होआन्सी लोक मोठी शिकार आणणाऱ्याच्या मांसालाही नावे ठेवतात. त्याच्या डोक्यात हवा जाऊ नये म्हणून. शस्त्रे हाती आल्यावर तर दुबळाही दांडगटाला भारी पडू शकला.

म्हणून ‘हुकूमशाही माणसाच्या रक्तातच आहे’ हे विधान अपुरे आहे. चिंपांझींइतकेच जवळचे आपले दुसरे नातलग म्हणजे बोनोबो. त्यांच्यात माद्या एकजुटीने नरांना आवर घालतात. शिवाय एखादी प्रवृत्ती नैसर्गिक आहे, एवढ्याने ती योग्य ठरत नाही.

सत्तेची हाव आणि तिला वेसण घालण्याची जिद्द, दोन्ही आपल्याला वारशाने मिळाल्या आहेत. पण टोळीत सगळे एकमेकांना ओळखत. तिथे थट्टेनेही काम भागे. कोट्यवधींच्या देशात ते काम निवडणुका, न्यायालये आणि वृत्तपत्रे करतात. या संस्था उत्क्रांतीने आयत्या दिलेल्या नाहीत, त्यामुळे त्या राखण्याची जबाबदारी प्रत्येक पिढीवर आहे.