‘हे खरे आहे काय?’

विधानसभेतल्या प्रश्नोत्तरांच्या याद्या वाचायची मला सवय आहे. कवी माणसाला हे काय वेड, असे मित्र म्हणतात. पण इतके जपून योजलेले मराठी शब्द दुसरीकडे क्वचितच वाचायला मिळतात. प्रश्नाचा साचा ठरलेला : ‘हे खरे आहे काय? असल्यास, चौकशी केली आहे काय? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ उत्तरेही ठरलेली : ‘हे खरे नाही’, ‘हे अंशतः खरे आहे’, ‘प्रश्न उद्भवत नाही’. त्या ‘अंशतः’मध्ये कधी कधी अख्खा तालुका मावतो.

विरोधी आमदार सरकारला धारेवर धरतो म्हणजे नेमके काय करतो, हे टीव्हीवरच्या गोंधळातून कळत नाही. त्याची खरी हत्यारे कागदावरची असतात. तारांकित प्रश्नाला मंत्र्याने सभागृहात उत्तर द्यायचे असते आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतो. अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर मिळते. तातडीच्या बाबीसाठी लक्षवेधी आणि अंदाजपत्रकाच्या वेळी कपात सूचना असते. यांत मोलाचा तो उपप्रश्न. पहिले उत्तर खात्याने लिहून दिलेले असते; उपप्रश्नाला मंत्र्याला स्वतःच सामोरे जावे लागते.

चांगला प्रश्न करतो काय? सरकारी उत्तराने एकत्र बांधलेले दोन शब्द तो सोडवून वेगळे ठेवतो. २०१२ चे सिंचन प्रकरण आठवा. दहा वर्षांत सुमारे ७० हजार कोटी रुपये खर्चून सिंचनाची टक्केवारी अवघी ०.१ ने वाढली, असा अर्थ राज्याच्या २०११-१२ च्या आर्थिक पाहणीतून काढला गेला. विरोधकांनी तो आकडा उचलून धरला. आपल्या मुक्ताईनगरचे एकनाथ खडसे तेव्हा विधानसभेत विरोधी पक्षनेते होते. त्याच वर्षी सप्टेंबरात अजित पवारांनी उपमुख्यमंत्रिपदाचा राजीनामा दिला, नोव्हेंबरात सरकारने श्वेतपत्रिका काढली आणि डिसेंबरात अजितदादा पुन्हा उपमुख्यमंत्री झाले. या सगळ्या धामधुमीत मुद्दा दोन शब्दांचा होता. ‘सिंचनक्षमता’ म्हणजे धरण-कालव्यांतून जितके शेत भिजू शकेल ते. ‘सिंचित क्षेत्र’ म्हणजे प्रत्यक्षात भिजले ते. कालवा शेताच्या बांधापर्यंत पोचला नाही, तरी पहिला आकडा वाढत राहतो. कापूस मात्र दुसऱ्यावरच जगतो.

आमच्या एरंडोलापासून फार लांब नाही, अमळनेर तालुक्यात, तापीवर पाडळसरे धरण आहे. निम्न तापी हे त्याचे दप्तरी नाव. १९९७ च्या सुमारास मान्यता मिळाली तेव्हाचा अंदाज होता सुमारे १४२ कोटींचा. २०२३ साली सुधारित मान्यता मिळाली ती सुमारे ४,८९० कोटींची, आणि तेव्हाही धरण अपुरेच होते. इथेही दोन शब्द : ‘मान्यता’ आणि ‘तरतूद’. मान्यता म्हणजे होकार, तरतूद म्हणजे त्या वर्षी खरोखर बाजूला काढलेला पैसा. भाषणात पहिला शब्द ऐकू येतो. शेतकऱ्याने दुसरा विचारावा.

आता खुर्च्यांची गंमत पाहा. २०१४ मध्ये सत्ता पालटली. खडसे महसूलमंत्री झाले आणि जामनेरचे गिरीश महाजन जलसंपदामंत्री. प्रश्न विचारणारा पक्ष सत्तेत, पाण्याचे खाते आपल्याच जिल्ह्यात, आणि पाच वर्षे उलटली तरी पाडळसरे अपुरेच. विचारणारे बाक बदलतात; ती जुनी उत्तरे कुणीतरी जपून ठेवायला हवीत, नाहीतर प्रत्येक सरकार पहिल्यापासून सुरुवात करते.

उर्दूत सवाल करणे म्हणजे विचारणे, आणि हात पसरणेही. सवाली म्हणजे याचक. मराठीने ‘जवाब’चा ‘जाब’ केला आणि त्याला धार आणली. आमच्याकडे पुढाऱ्यापुढे उभे राहणारी माणसे अजून पहिल्या अर्थाने बोलतात, ‘साहेब, तेवढं पाण्याचं बघा’ म्हणून. हा जाब नव्हे, विनवणी झाली.

गुलाबराव पाटील १९९९ ते २००९ एरंडोलचे आमदार होते. ती दहा वर्षे त्यांचा पक्ष, शिवसेना, विरोधात होता. पुढे ते जळगाव ग्रामीणमधून निवडून आले आणि २०१९ च्या अखेरीस पाणीपुरवठामंत्री झाले. २०२४ च्या निवडणुकीनंतरही तेच खाते त्यांच्याकडे आले. म्हणजे कधीकाळी विरोधी बाकावरून विचारणाऱ्यानेच आता उत्तर द्यायचे. केंद्राने २०१९ मध्ये जाहीर केलेली जलजीवन मिशन ही योजना राज्यात याच खात्याकडे आहे. खेड्यातल्या घराघरात नळ आणि माणशी रोज ५५ लिटर पाणी, असा तिचा वायदा.

तालुक्यातल्या एखाद्या गावात नळजोडण्या किती दिल्या, हा झाला एक प्रश्न. गेल्या वैशाखात त्यांतल्या किती नळांना पाणी आले, आणि किती दिवसांआड, हा दुसरा. पहिल्याचा आकडा तयार असतो. दुसऱ्यासाठी आमदाराची वाट पाहायलाच हवी असे नाही. माहितीच्या अधिकाराचा अर्ज साध्या कागदावर करता येतो आणि उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे. अर्जात दोन्ही शब्द वेगळे लिहायचे : ‘जोडणी’ आणि ‘पाणी’.