मानवी हक्क आयोगात महिनाभर

मी लॉ शिकते, यंदा चौथ्या वर्षाला आहे. माझी आई तुमच्यासारखीच बचत गटात आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी महिनाभर दिल्लीला होते, तेव्हा गटातल्या बायका तिला सारखं विचारायच्या, "पोरगी तिकडं करते तरी काय?" आज तेच सांगणार आहे. त्यात तुमच्या उपयोगाचं बरंच आहे, म्हणून जमलं तर वही-पेन जवळ घ्या.

डॉक्टर होणाऱ्या मुलांना जसं दवाखान्यात राहून शिकावं लागतं, तसंच वकील होणाऱ्यांचं असतं. नुसती पुस्तकं वाचून भागत नाही. कुणी वकिलाच्या ऑफिसात जातं, कुणी कोर्टात. याला इंटर्नशिप म्हणतात. मी दिल्लीच्या राष्ट्रीय मानवी हक्क आयोगात गेले होते. उन्हाळ्याच्या आणि हिवाळ्याच्या सुट्टीत हा आयोग देशभरातल्या विद्यार्थ्यांना असं शिकायला घेतो.

आयोग म्हणजे काय, ते आधी सांगते. १९९३ साली मानवी हक्क संरक्षण कायदा झाला आणि त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला हा आयोग सुरू झाला. आपल्या महाराष्ट्राचा वेगळा राज्य आयोग आहे. तो २००१ पासून काम करतो आणि त्याचं ऑफिस मुंबईत सीएसएमटी स्टेशनच्या समोर आहे. जगण्याचा, स्वातंत्र्याचा, समानतेचा आणि मानानं वागवलं जाण्याचा हक्क, हे झाले मानवी हक्क. सरकारी माणसानं ते मोडले, किंवा दुसरं कुणी मोडत असताना त्यानं हयगय केली, तर आयोग त्याला जाब विचारू शकतो.

'मानवी' या शब्दात आपण बायकाही आहोत, आणि त्यामागे आपल्याच देशातली एक बाई आहे. १० डिसेंबर १९४८ ला संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला. त्याच्या मसुद्यात पहिल्याच कलमात 'सगळे पुरुष' असा अर्थ निघेल असा शब्द होता. भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी तो बदलायला लावला आणि तिथं 'सगळी माणसं' असं आलं.

आता माझा महिना. व्याख्यानं असायची, गटानं मिळून अभ्यास करायचा असायचा, आणि प्रत्यक्ष भेटी असायच्या. तिहार तुरुंग बघितला. तुरुंगात आईबरोबर सहा वर्षांपर्यंतचं मूल राहू शकतं. पण ते मूल कैदी नसतं. त्याला चांगलं खाणं, औषधपाणी, शिक्षण मिळालंच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयानं २००६ साली सांगितलंय. हे पाळलं जातं का, ते तुरुंगात जाऊन बघायचा अधिकार आयोगाला आहे.

पोलीस ठाण्यातही नेलं होतं. तिथल्या दोन गोष्टी वहीत लिहून घ्या. अटक केलेल्या माणसाला २४ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभं करावं लागतं. प्रवासाचा वेळ त्यात धरत नाहीत. आणि दिवस मावळल्यापासून उगवेपर्यंत बाईला अटक करता येत नाही. अगदीच तशी वेळ आली तर महिला पोलीस अधिकाऱ्यानं लेखी अहवाल देऊन आधी न्यायदंडाधिकाऱ्याची परवानगी घ्यायची असते.

पण मी सगळ्यात जास्त शिकले ते तक्रारींबद्दल. कोणती तक्रार आयोग घेतो आणि कोणती सुरुवातीलाच बाजूला पडते, याचे नियम आहेत. नाव नसलेली, सही नसलेली, वाचता न येणारी, मोघम लिहिलेली तक्रार घेत नाहीत. कोर्टात चालू असलेली बाब घेत नाहीत. कलेक्टरला लिहिलेल्या अर्जाची नुसती झेरॉक्स पाठवली तरी चालत नाही. अर्ज आयोगाच्याच नावानं हवा. आणि घटना घडून एक वर्ष उलटलं असेल, तर आयोगाला चौकशी करता येत नाही.

या एका वर्षाबद्दल मुद्दाम सांगते. आमच्या भागातल्या एका मावशींच्या सुनेला रात्री कळा सुरू झाल्या. सरकारी दवाखान्यात नेलं, तर "डॉक्टर नाहीत, पुढं न्या" म्हणून दारातूनच परत पाठवलं. १०८ ची गाडी येईपर्यंत फार उशीर झाला. बाळ गेलं. मावशी माझ्याकडे आल्या तेव्हा चौदा महिने होऊन गेले होते. "अगं, असं कुणाला सांगायचं असतं हेच माहीत नव्हतं," म्हणाल्या. केसपेपर नव्हता, कारण आत घेतलंच नव्हतं. पण १०८ ला फोन केल्याची वेळ मोबाइलमध्ये होती, आशाताई बरोबर होत्या, शेजारीण होती. वर्षाच्या आत आल्या असत्या तर एवढ्यावर अर्ज झाला असता. आता आम्ही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून त्यांना वकील मिळवून दिलाय. महिलांना तिथं उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. कोर्टाचा रस्ता लांबचा आहे, पण बंद नाही.

अर्ज कसा लिहायचा? फी नाही, स्टॅम्प पेपर नाही, वकील लागत नाही. साध्या कागदावर, आपल्या मराठीत लिहिला तरी चालतो. काय घडलं, कोणत्या तारखेला, किती वाजता, कुठं, कोणत्या सरकारी माणसानं काय केलं किंवा काय करायला नकार दिला, बघणारं कोण होतं आणि तुम्हाला काय हवंय, एवढं लिहा. नाव माहीत नसेल तर हुद्दा लिहा. "आमच्यावर फार अन्याय झाला" या वाक्यावरून चौकशी कशाची करायची ते कळत नाही. "अमुक तारखेला रात्री अकरा वाजता ड्युटीवरच्या बाईंनी आत घेतलं नाही" या वाक्यावरून कळतं. खाली सही किंवा अंगठा, पूर्ण पत्ता आणि फोन नंबर. स्पीड पोस्टची पावती आणि अर्जाची एक प्रत जपून ठेवा.

अर्ज एकाच आयोगाकडे करा. राज्य आयोगाकडे किंवा दुसऱ्या एखाद्या आयोगाकडे तीच बाब चालू असेल तर दिल्लीचा आयोग ती घेत नाही.

बायका नेहमी विचारतात, नवरा मारतो तर आयोगाकडे जायचं का? नाही. त्यासाठी पोलीस आहेत, कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली संरक्षण अधिकारी आहेत, १८१ हेल्पलाइन आहे. पण मार खाल्लेली बाई ठाण्यात गेली आणि "घरचं भांडण आहे, घरीच मिटवा" म्हणून तिची तक्रारच लिहून घेतली नाही, तर ती पोलिसांची हयगय झाली. ती बाब आयोगाकडे जाऊ शकते.

अर्ज घेतला की आयोग त्या खात्याकडून अहवाल मागवतो. अहवाल आला नाही तर स्वतः चौकशी करू शकतो. कोर्टासारखं साक्षीदारांना बोलावू शकतो, कागद मागवू शकतो. पण आयोग म्हणजे कोर्ट नाही. तो कुणाला तुरुंगात टाकत नाही. नुकसानभरपाई द्या, अमक्यावर खटला भरा, अशी शिफारस तो सरकारला करतो, आणि सरकारनं काय केलं ते साधारण एका महिन्यात कळवायचं असतं. सरकारनं दाद दिली नाही तर आयोग उच्च न्यायालयात जाऊ शकतो. म्हणून फार मोठी आशा लावू नका, पण "काही होत नसतं" म्हणून गप्पही बसू नका.

शेवटची गोष्ट खास गटांसाठी. ज्या बाईवर बेतलंय तिनंच अर्ज करावा असं नाही. कायद्यात लिहिलंय की तिच्या वतीनं दुसरं कुणीही अर्ज करू शकतं. बाळ गेलेली सून, लेकाला ठाण्यात बसवून ठेवलेली आई, यांना त्या दिवसांत कागद-पेन सुचत नाही. तेव्हा गटातल्या लिहिता येणाऱ्या बाईनं जवळ बसावं, तारीख, वेळ, नावं टिपून घ्यावीत आणि अर्ज लिहावा. येत्या बैठकीत हप्ते गोळा झाले की हे काम कोण करणार ते ठरवा, आणि गटाच्या वहीच्या मागच्या पानावर हे नंबर लिहा: राष्ट्रीय मानवी हक्क आयोग १४४३३, मोफत कायदेशीर मदत १५१००, महिला हेल्पलाइन १८१.