प्रकाशतंतूची नाडीपरीक्षा

देऊळघाट हें गांव पैनगंगेच्या कांठीं, बुलढाण्याहून अवघ्या कांहीं कोसांवर आहे. तेथील एका सेवा केंद्रांत आम्हीं पाहिलेला एक लहानसा प्रसंग प्रथम सांगतों. शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याचा तो शेवटचा दिवस होता. एक गृहस्थ दिवसाची मजुरी बुडवून आपल्या मुलीस घेऊन सकाळपासून बसले होते. वीज होती, यंत्र चालू होतें, कागदपत्रें तयार होतीं. परंतु इंटरनेट बंद होतें. गृहस्थ केंद्रावरील मुलास म्हणाले, "बाबा रे, काल आलों तेव्हांहि तूं हेंच सांगितलेंस. आज अर्ज गेला नाहीं तर पोरीची या सालची शिष्यवृत्ती बुडेल, त्याचें काय?" मुलगा बिचारा खालीं मान घालून उभा राहिला. जमलेल्यांपैकीं एक म्हणाला, रस्त्याचें काम चालू आहे, जेसीबीनें केबल तोडली असणार. दुसरा म्हणाला, केंद्राचें यंत्रच जुनें झालें आहे. तिसऱ्यानें सारा दोष आदल्या रात्रींच्या पावसास दिला. तिघांनीं तीन कारणें सांगितलीं. मोजून मात्र कोणींच पाहिलें नव्हतें.

दुपारीं दुरुस्तीचा कारागीर आला. त्यानें पिशवींतून तळहाताएवढें एक उपकरण काढलें, भिंतीवरच्या पेटींतील पिवळी दोरी त्यास लाविली आणि आंकडा वाचला. मग दुसरी एक लेखणीसारखी वस्तु काढून तिचा तांबडा प्रकाश दोरींत सोडला. कपाटाच्या मागें अंधारांत एके ठिकाणीं ती दोरी निखाऱ्यासारखी लाल दिसूं लागली. कपाट भिंतीशीं सारतांना दोरी त्याच्यामागें दुमडली गेली होती! ती बदलतांच पाव तासांत इंटरनेट सुरू झालें व सायंकाळच्या आंत अर्ज गेला. जातांना त्या गृहस्थांनीं केंद्रावरील मुलाच्या पाठीवर हात ठेवला व "रागावलों, मनांत ठेवूं नकोस," असें म्हटलें. त्या कारागिराच्या पिशवींतील उपकरणें कोणतीं, तीं काय सांगतात आणि काय सांगत नाहींत, हें आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस समजावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम तंतूचें स्वरूप पाहूं. ज्यास आपण सर्रास फायबर म्हणतों तो शुद्ध कांचेचा एक अखंड धागा होय. त्याची कांच अवघी १२५ मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटराचा आठवा भाग, जाड असते. आणि दूर अंतरावर जाणाऱ्या तंतूंत ज्या गाभ्यांतून प्रकाश वाहतो तो तर सुमारें ९ मायक्रोमीटरच असतो. गाभ्याची कांच भोंवतालच्या कांचेहून किंचित् अधिक वक्रीभवनांकाची असल्यामुळें आंतील प्रकाश बाहेर न पडतां आंतल्या आंत परावर्तित होत पुढें जातो. यासच पदार्थविज्ञानांत पूर्ण आंतरिक परावर्तन म्हणतात. तंतु फार वांकविला कीं हा हिशेब चुकतो व प्रकाश वांकणावर बाहेर सांडतो. कपाटामागें लाल दिसलें तें हेंच.

अशा कांचेंतून दूरवर संदेश धाडतां येईल हें १९६६ सालीं चार्ल्स काव व जॉर्ज हॉकहम यांनीं दाखवून दिलें; त्या वेळच्या कांचेंत प्रकाश थोडक्या मीटरांतच क्षीण होई, परंतु तो दोष कांचेचा नसून तिच्यांतील अशुद्धतेचा आहे, हें त्यांचें म्हणणें होतें. कावांना त्याबद्दल २००९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. आपल्या देशांत टेलिफोनच्या कामीं पहिला प्रकाशतंतु १९७९ सालीं घातला गेला, तो पुण्यास, ही महाराष्ट्रास भूषणावह गोष्ट होय. आतां तर छत्रपती संभाजीनगराजवळ कांचेच्या दंडापासून असा तंतु ओढून काढण्याचे कारखाने आहेत. ग्रामपंचायतींपर्यंत तो नेण्याची योजना केंद्र सरकारनें २०११ सालीं मंजूर केली. २०१५ पासून तीच भारतनेट या नांवानें ओळखली जाते. सारांश, ही वस्तु आतां केवळ शहरांची राहिलेली नाहीं.

परंतु जें दारापर्यंत येतें तें केव्हां तरी बिघडतेंहि; आणि येथें अडचण अशी कीं या तंतूंतील प्रकाश डोळ्यांस दिसत नाहीं. तो तांबड्याच्या पलीकडचा, अवरक्त असतो. म्हणून उपकरणांवांचून गत्यंतर नाहीं.

कारागिरानें प्रथम वापरलें तें पॉवर मीटर होय. तंतूच्या टोकाशीं किती प्रकाश पोंचतो एवढेंच तें सांगतें. त्याचें माप मात्र चमत्कारिक आहे. एक मिलिवॉट प्रकाशास तें शून्य म्हणतें. त्याचा दहावा भाग राहिल्यास उणे १०, शंभरावा राहिल्यास उणे २०, हजारावा राहिल्यास उणे ३० असे आंकडे दाखवितें. या मापास डेसिबल म्हणतात. दर ३ डेसिबलांस प्रकाश निम्मा होतो, हें ध्यानांत ठेविलें कीं पुरे. या पद्धतीची सोय अशी कीं गुणाकार-भागाकाराऐवजीं नुसत्या बेरजा-वजाबाक्यांनीं काम भागतें.

विद्यार्थ्यांनीं हें गणित पाटीवर करून पाहावें. समजा, बुलढाण्याहून प्रकाश निघतांना अधिक ३ आहे आणि तंतु १२ किलोमीटर लांब आहे. दर किलोमीटरास पाव डेसिबल धरल्यास ३ डेसिबल वाटेंत गेले. एका तंतूचे ३२ वाटे करणारी पेटी सुमारें १७ डेसिबल खाते. वितळवून जोडलेले सहा सांधे दर सांध्यास दशांश १ प्रमाणें ०.६, आणि खटक्यानें लावावयाच्या तीन जोडण्या दर जोडणीस ०.४ प्रमाणें १.२ घेतात. एकूण खर्च २१.८ झाला. तीनांतून तो वजा केला म्हणजे घरीं उणे १८.८ यावयास पाहिजे. घरोघरच्या या जातीच्या पेट्या साधारणतः उणे २७ पर्यंतच्या प्रकाशावर चालतात, तेव्हां हा आंकडा उत्तम होय. सेवा केंद्रांत कारागिरास उणे ३१ दिसलें. म्हणजे प्रकाश येत होता, पण अपेक्षेच्या सोळाव्या भागाइतकाच. केबल तुटली असती तर कांहींच आलें नसतें. एका आंकड्यानें जेसीबी निर्दोष ठरला! यावरून दिसून येईल कीं आधीं हिशेब मांडल्यावांचून मापाचा उपयोग नाहीं. किती यावयास पाहिजे हें ज्यास ठाऊक नाहीं त्यास किती आलें याचा अर्थ लागत नाहीं.

दुसरें उपकरण तांबड्या प्रकाशाची लेखणी. तिचा प्रकाश डोळ्यांस दिसतो, म्हणून जेथें तंतु मोडला किंवा दुमडला असेल तेथें तो बाहेर चमकतो. ही थोड्या किलोमीटरांपलीकडे चालत नाहीं, आणि जमिनींत पुरलेल्या काळ्या केबलींत तिचा कांहीं उपयोग नाहीं. घरांतील व पेटींतील दोष शोधण्यास मात्र तिच्यासारखें स्वस्त साधन दुसरें नाहीं.

तिसरें साधन लहानसें सूक्ष्मदर्शक यंत्र. तंतूचा गाभा ९ मायक्रोमीटरांचा. त्यावर धुळीचा एखादा कण बसला तरी वाट अडते. चैत्र-वैशाखांत आमच्या भागांत वाऱ्याबरोबर किती धूळ उडते हें सांगावयास नको. कित्येक बिघाड तुटीमुळें नव्हे, तर अशा मळामुळें होतात. म्हणून जाणता कारागीर टोंक आधीं पाहतो, नंतर पुसतो, पुन्हां पाहतो व मगच जोडतो. तें सदऱ्याच्या टोंकानें पुसणें किंवा तोंडानें फुंकणें हें पुसण्यापेक्षां मळविणेंच होय.

आतां सर्वांत चतुर उपकरणाकडे वळूं. त्यास ओटीडीआर म्हणतात. घाटांत उभें राहून आरोळी दिली असतां समोरच्या कड्यावरून प्रतिध्वनि येतो. तो किती वेळानें आला यावरून कडा किती दूर आहे हें काढतां येतें. हेंच तत्त्व येथें प्रकाशास लाविलें आहे. उपकरण तंतूंत प्रकाशाचा अत्यल्प काळाचा ठोका सोडतें. कांचेच्या अंगच्या सूक्ष्म असमानतेमुळें प्रत्येक ठिकाणाहून त्यांतील किंचित् प्रकाश मागें विखुरतो. आकाश निळें कां दिसतें याचें कारण रॅले यांनीं दिलें, तेंच हें विकिरण. १९७६ सालीं बार्नोस्की व जेन्सन यांनीं ही युक्ति प्रसिद्ध केली. आतां हें यंत्र एका हातांत मावतें.

त्याच्या पडद्यावर एक रेघ उमटते. ती डावीकडून उजवीकडे सावकाश उतरत जाते. हा कांचेंतील स्वाभाविक क्षय. मध्येंच पायरी आली तर तेथें सांधा किंवा वांकण आहे. सुळका आला तर जोडणी आहे. आणि रेघ एकाएकीं खालीं कोसळली तर तेथें तंतु संपला किंवा तुटला. सांधा आणि वांकण यांतील भेदहि ओळखतां येतो. १३१० व १५५० नॅनोमीटर अशा दोन तरंगलांबींनीं मोजावें. पायरी दुसऱ्या मापांत बरीच मोठी दिसली तर तें वांकण समजावें, कारण लांब तरंग वांकणावर अधिक सांडतो.

अंतराचें गणितहि करून पाहूं. कांचेंत प्रकाश सेकंदास सुमारें २ लक्ष ४ हजार किलोमीटर जातो. तुटीपासून परत येण्यास ७१ मायक्रोसेकंद लागले असें धरूं. जाणें व येणें मिळून हा वेळ आहे, म्हणून निम्मा घ्यावयाचा. तेव्हां तूट सुमारें ७२५० मीटरांवर आली. मग रस्त्यावर ७२५० मीटर मोजून खणावयास लागावें काय? मुळींच नाहीं. केबलीच्या आंत तंतु किंचित् सैल व पिळदार असतो. शेंकडा एक धरला तरी ७२ मीटर अधिक झाले. वाटेंतील तीन खड्ड्यांत २० मीटरांचीं वेटोळीं दुरुस्तीसाठीं राखून ठेविलेलीं असतील तर आणखी ६० मीटर. म्हणजे खरी तूट रस्त्यानें सुमारें ७१२० मीटरांवर असेल. १३० मीटरांची ही चूक म्हणजे एखाद्या गरिबाच्या उभ्या पिकांत व्यर्थ खणलेला चर! म्हणून शहाणा कारागीर आरंभापासून न मोजतां पडद्यावर दिसणाऱ्या जवळच्या ओळखीच्या सांध्यापासून अंतर धरतो, आणि बनल्यास दुसऱ्या टोकाकडूनहि माप घेतो.

या यंत्रासहि मर्यादा आहेत. ठोका लांब ठेविल्यास तें दूरचें पाहतें, पण जवळजवळचे दोन दोष त्यास एकच भासतात. ठोका आखूड ठेविल्यास बारकावे दिसतात, पण दृष्टि दूर पोंचत नाहीं. आरंभींच्या जोडणीच्या झगमगाटानें लगतचा कांहीं भाग त्यास दिसतच नाहीं, म्हणून आधीं कांहींशे मीटरांचा जादा तंतु जोडून मग मोजतात. दोन निराळ्या तंतूंच्या सांध्यावर एका बाजूनें पाहतां प्रकाश वाढल्यासारखा दिसतो. ती वाढ खोटी असते, आणि दोन्हीं बाजूंच्या मापांची सरासरी घेतली म्हणजे खरा क्षय कळतो. तात्पर्य, यंत्र खोटें बोलत नाहीं, परंतु त्यास प्रश्न नीट विचारावा लागतो.

मुलांस एक गोष्ट बजावून सांगतों. तंतूच्या टोंकांत डोळा लावून कधींहि पाहूं नका. आंत प्रकाश आहे कीं नाहीं हें दिसणार नाहीं, आणि डोळ्यास इजा होईल ती मात्र खरी. तुटलेल्या तंतूचे तुकडेहि उचलूं नयेत. ते त्वचेंत रुतले तर काढणें कठीण. कारागीर असे तुकडे झांकणाच्या डबींत जमा करतो, तें याचसाठीं.

पालकांस दोन विनंत्या. शेतांत वा घरापुढें चर खणावयाचा असेल तर आधीं ग्रामपंचायतींत चौकशी करावी. खोदणारांनीं आगाऊ कळवावें यासाठीं केंद्र सरकारनें मार्च २०२३ मध्यें 'कॉल बिफोर यू डिग' नांवाची सोय मोबाइलवर केलेली आहे. घाईच्या एका फावड्यानें आपल्याच गांवच्या मुलांचे अर्ज अडतात. दुसरी विनंति अशी कीं आपल्या मुलामुलींस हें काम हलकें वाटूं देऊं नये. दहावीच्या पदार्थविज्ञानांतील परावर्तन, साधें अंकगणित आणि स्वच्छ हात एवढ्या भांडवलावर तें शिकतां येतें, आणि त्याची गरज गांवोगांव वाढतच जाणार आहे.

शेवटीं त्या दुपारची आठवण पुन्हां देतों. तीन जाणत्या माणसांनीं तिघांवर दोष ठेविला होता, आणि तिन्हीं वेळां तो चुकीच्या ठिकाणीं गेला. मीटरनें कोणावर दोष ठेविला नाहीं. त्यानें केवळ आंकडा सांगितला, आणि दोष आपोआप सांपडला. प्रकाशतंतूच्या बाबतींत जें खरें तें घरांत, वर्गांत व गांवांतहि खरें आहे. रागावण्यापूर्वीं मोजावें; मोजण्यापूर्वीं आपलें माप स्वच्छ आहे कीं नाहीं हें पाहावें. इतकें आमच्या वाचकांच्या ध्यानांत राहिलें तरी या लेखाचें सार्थक झालें असें आम्ही समजूं.