टॉवरवर चढताना: पट्टा, दोरी आणि सहा मीटरचा हिशेब

मोबाईलच्या टॉवरवर काम करणारी मुलं आपण रस्त्यावरून बघतो. कमरेला पट्टा दिसला की वाटतं, झालं, सुरक्षित आहे. पण नुसता कमरेचा पट्टा पडणाऱ्याला वाचवत नाही. सगळा झटका पोटावर आणि मणक्यावर येतो, नाहीतर माणूस त्यातून निसटतो. अमेरिकेत १ जानेवारी १९९८ पासून पडणं रोखायला असा पट्टा वापरता येत नाही. हवा तो फुल बॉडी हार्नेस, मांड्या, छाती आणि खांदे यांच्यात झटका वाटून देणारा. आपल्याकडे घेताना त्यावर आयएस ३५२१ बघा.

खरी मेख मात्र दोरीत आहे. जरा हिशेब करू. दोरी १.८ मीटरची आणि हूक पायाशी अडकवलेला, तर माणूस दोरीच्या दुप्पट, ३.६ मीटर, मोकळा पडतो. तोवर वेग होतो ताशी तीस किलोमीटर! दोरीला शॉक अ‍ॅब्सॉर्बर असला तर त्याची शिवण उसवत जाते आणि झटका ६ किलोन्यूटनच्या, म्हणजे अंदाजे ६०० किलो भाराच्या, आत राहतो. पण उसवताना तो पावणेदोन मीटरपर्यंत लांबू शकतो, हे दुकानदार सांगत नाही. आता बेरीज करा. दोरी १.८, लांबलेला भाग १.७५, पाठीच्या कडीपासून पावलापर्यंत दीड, आणि एक मीटर राखीव. झाले सहा मीटर. म्हणजे हूक जमिनीपासून चार मीटरवर असेल, तर भारीतला हार्नेस घालूनही माणूस जमिनीवर आदळू शकतो. म्हणून हूक डोक्याच्या वर लावायचा. शिडीवर तर उभी लाइफलाइन आणि तिच्यावर सरकणारा फॉल अरेस्टरच बरा, तो थोड्या अंतरातच धरतो.

दोरी दुहेरीच घ्या. एकाच दोरीवर चढणारा हूक बदलताना दर वेळी मोकळा असतो. हूकचं तोंड टॉवरच्या अँगलवर पूर्ण बसून बंद होतं का, ते खरेदीआधी अँगलवरच लावून बघा.

मघाशी एकाने विचारलं, रिकामा हूक कुठे ठेवायचा? कमरेच्या कडीत नको. तिथे अडकवला तर अ‍ॅब्सॉर्बर नीट उघडत नाही आणि झटका थेट अंगावर येतो. त्यासाठी हार्नेसवर वेगळी, ओढ बसताच सुटणारी जागा असते. ती नसेल तर तो हार्नेस घेऊ नका.

आणि पडण्याचा झटका खाल्लेला हार्नेस दिसायला नवा असला तरी कापूनच टाका. खुंटीवर राहिला तर उद्या कुणीतरी घालतो.